‘लेखन’ नावाचं फोल्डर : एका रविवारचा घटनाक्रम

कमलनगर बीदर जिल्ह्यात येतं, पण तिथल्या माणसाला बीदरपेक्षा उदगीर जवळ. विकाराबादहून निघालेला रेल्वेचा रूळ बीदर, भालकी, कमलनगर, उदगीर करत परळीकडे जातो आणि वाटेत कुठेतरी राज्य बदलतं. १ नोव्हेंबर १९५६ रोजी निजामाच्या काळातला बीदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर एका बाजूला गेले. भालकी, औराद, हुमनाबाद आणि खुद्द बीदर दुसऱ्या बाजूला. जहिराबाद, नारायणखेड तिसऱ्या. माणसं, शेतं आणि ट्रंकेतले कागद जिथल्या तिथे राहिले.

माझे मामा तिथे मराठी शाळेत शिकवत. नोकरीत असल्यापासून त्यांना एकच नाद होता: आसपासच्या गावांतल्या म्हाताऱ्या माणसांना गाठायचं आणि १९४७-४८ सालात काय घडलं ते विचारायचं. कोण रात्रीतून पोराबाळांना घेऊन सरहद्दीपलीकडच्या छावणीत गेलं, कोण मागे राहिलं, बसवकल्याणकडच्या गोरटा गावात मे १९४८ मध्ये रझाकारांनी कत्तल केली त्याची बातमी कुणाच्या कानावर कशी आली, १७ सप्टेंबरला निजाम शरण आला तेव्हा गावात कोण काय बोललं. आधी कॅसेटवर, मग वहीत, मग उदगीरच्या एका डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेऊन घरच्या कॉम्प्युटरवर. कॅसेटी बुरशीने गेल्या, वह्या एका पावसाळ्यात भिजल्या. ज्यांनी हे सांगितलं त्यातलं आज जवळपास कुणीच हयात नाही.

अशा लेखनाला सीमेच्या अलीकडे वाचक थोडे आणि पलीकडच्यांना ते बाहेरचं वाटतं. म्हणून या भागात अनेक घरांत दप्तरखान्याचं काम घरचा कॉम्प्युटर करतो. तो एकटाच करतो, हीच खरी भीती.

पुढचा क्रम मामांनी आणि त्यांच्या नातवाने मला सांगितला तसा आहे. वेळा नातवाच्या फोनमधल्या फोटोंवरून आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून घेतल्या आहेत. दिवस रविवार, १२ ऑक्टोबर २०२५.

सकाळी १०. अकरा तास आधी.

नातू पुण्याहून दिवाळीच्या आधीच आला आहे. कॉम्प्युटर सुरू केला की पडद्यावर सूचना येते: विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार. म्हणजे दोन दिवसांनी सुरक्षेचे अपडेट बंद. आणखी वर्षभर अपडेट घेण्याची एक वेगळी सोय होती, पण घरात ती कुणाला माहीत नव्हती. विंडोज ११ या मशीनवर चढत नाही, कारण तिला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो आणि हे मशीन त्याच्या कितीतरी आधीचं. मशीन मात्र धडधाकट आहे. नातू सुचवतो, लिनक्स मिंट टाकू. फुकट आहे, हलकं आहे, जुन्या मशीनवर नीट चालतं. सल्ला योग्यच होता आणि माझं मत आजही तेच आहे.

सकाळी सव्वाअकरा. पावणेदहा तास आधी.

“आजोबा, तुमचं महत्त्वाचं काय काय आहे ते सांगा. आधी कॉपी काढून ठेवू.”

“सगळं ‘लेखन’मध्येच आहे की. समोरच दिसालंय बघ.”

डेस्कटॉपवर डाव्या कोपऱ्यात पिवळं फोल्डर आहे, खाली मराठीत ‘लेखन’. त्या चित्राच्या खालच्या कोपऱ्यात एका छोट्या पांढऱ्या चौकोनात वाकडा बाण आहे. हे फोल्डर नाही, फोल्डरकडे नेणारा शॉर्टकट आहे, एवढंच तो बाण सांगतो. खरं फोल्डर डी ड्राइव्हमध्ये होतं.

ते तिथे का होतं, हे समजून घेण्यासारखं आहे. बारा-पंधरा वर्षांपूर्वी मशीन जोडून देणाऱ्याने मामांना बजावलं होतं की कामाचं काहीही सी ड्राइव्हमध्ये ठेवू नका. विंडोज बिघडली की सी ला फॉरमॅट मारायचा, डी ला धक्का लागत नाही. आपल्याकडच्या गावोगावच्या दुरुस्तीवाल्यांनी हे शहाणपण घराघरांत पोचवलं आणि त्याने पुष्कळांचं पुष्कळ वाचवलं. मामा निर्धास्त होते ते या अनुभवावर. डी म्हणजे वेगळी जागा, जवळजवळ वेगळी डिस्क, असं त्यांना वाटत होतं. खरं तर एकाच डिस्कवर आखलेली ती एक रेघ असते.

दुपारी १२:४०. आठ तास वीस मिनिटं आधी.

३२ जीबीचा पेन ड्राइव्ह लावला जातो. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स ही चार ठिकाणं निवडून कॉपी सुरू. डेस्कटॉपबरोबर ‘लेखन’ही गेलं, म्हणजे तो बाण गेला. त्याचं वजन एखाद-दोन केबी.

दुपारी १:३०. साडेसात तास आधी.

नातू आता डी ड्राइव्ह उघडतो, कारण तिथे ‘व्हिडिओ’ नावाचं फोल्डर आहे हे त्याला आठवतं. तिथेच शेजारी खरं ‘लेखन’ होतं. पण ते आधीच कॉपी झालंय असं त्याच्या डोक्यात पक्कं होतं, म्हणून त्याने त्याला हात लावला नाही. तो फक्त व्हिडिओ उचलतो. थोड्या वेळाने खिडकी येते: फाइल या ड्राइव्हसाठी फार मोठी आहे.

पेन ड्राइव्हमध्ये जागा मुबलक होती. अडचण वेगळी होती. बाजारातून आणलेला ३२ जीबीचा पेन ड्राइव्ह बहुधा फॅट३२ या जुन्या पद्धतीने आखलेला असतो आणि त्या पद्धतीत एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी ठेवताच येत नाही. एनटीएफएस किंवा एक्सफॅटने फॉरमॅट केला असता तर मावली असती. नातवाने ‘स्किप’ दाबलं आणि खालच्या चौकटीत खूण केली: यापुढेही असंच करा. ती एक खूण केल्यावर किती फाइली मागे राहिल्या, हे मशीन पुन्हा सांगत नाही.

मागे राहिलेल्यांत एका म्हातारीची मुलाखत होती. मामांनी हँडीकॅमवर घेतलेली, दीड तासाच्या वरची. बाई शेजारच्या गावच्या. १९४८ मध्ये त्या दहा-बारा वर्षांच्या होत्या.

दुपारी २ ते साडेतीन.

जेवण. मध्ये लाइट गेली आणि आली. कॉपी पुन्हा लावली.

दुपारी ४. पाच तास आधी.

आता ती पायरी, जी बहुतेक घरांत वगळली जाते आणि या घरात वगळली गेली नाही. मामा म्हणाले, आलंय का ते बघ एकदा. नातवाने पेन ड्राइव्ह उघडला, त्यातल्या ‘लेखन’वर दोनदा क्लिक केलं. फोल्डर उघडलं. आत सगळं होतं: गावांच्या नावांच्या फाइली, माणसांच्या नावांच्या फाइली, ‘गोरटा १’, ‘गोरटा २’, ‘छावणी’. मामांनी चष्मा लावून यादीवरून नजर फिरवली. एक फाइल उघडून पहिला परिच्छेद वाचला. समाधान झालं.

ते वाचत होते डी ड्राइव्हवरची मूळ फाइल. पेन ड्राइव्हवरचा बाण त्याच मशीनवर होता, म्हणून त्याने इमानाने मूळ जागी नेऊन सोडलं. तोच पेन ड्राइव्ह शेजारच्या घरी, दुसऱ्या कॉम्प्युटरला लावला असता तर पाच सेकंदांत कळलं असतं. निष्काळजीपणा म्हणून हे सोडून देणं मला पटत नाही. दोघांनी पाहिलं, तपासलं आणि तपासणीनेच त्यांना फसवलं.

फार मोठ्या ठिकाणीही हेच घडलेलं आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजी रात्री, आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळेने साडेअकराच्या सुमारास, गिटलॅब या कंपनीच्या एका अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवर डेटा पुसण्याची आज्ञा दिली. सेकंद-दोन सेकंदांत चूक लक्षात येऊन त्याने ती थांबवली, तोवर सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरले होते. मग बॅकअप काढायला गेले तर एकामागून एक सगळे पोकळ निघाले. रोजचा बॅकअप घेणारी आज्ञा डेटाबेसच्या ९.६ आवृत्तीवर ९.२ चं साधन चालवत होती, म्हणून दररोज अपयशी ठरत होती. अपयशाची सूचना देणाऱ्या ईमेल वाटेतच नाकारल्या जात होत्या, म्हणून कुणाला पत्ताच नव्हता. बॅकअप ठेवण्याची जागा रिकामी होती. वाचवलं ते एका कर्मचाऱ्याने वेगळ्याच कामासाठी सहा तास आधी घेऊन ठेवलेल्या प्रतीने. कंपनीने ही सगळी हकिगत जगासमोर मांडली, दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं. ती हकिगत मी अनेकांना वाचायला दिली आहे. जगभरचे प्रोग्रामर जिथे आपलं काम ठेवतात तिथे प्रत उघडून पाहिली जात नव्हती, तर कमलनगरच्या पोराला काय बोल लावायचा?

संध्याकाळी साडेपाच. साडेतीन तास आधी.

दुसऱ्या पेन ड्राइव्हवर रूफस नावाच्या प्रोग्रामने मिंटची सुमारे तीन जीबीची फाइल चढवली. इथे बरेच जण घसरतात. दोन पेन ड्राइव्ह लावलेले असतात आणि बॅकअपचाच पुसला जातो. नातवाने बॅकअपचा पेन ड्राइव्ह आधी काढून टेबलाच्या खणात ठेवला.

संध्याकाळी ७. दोन तास आधी.

मशीन पेन ड्राइव्हवरून सुरू झालं. मिंट डिस्कला हात न लावता नुसत्या पेन ड्राइव्हवरूनही चालतं. मामींनी हरिपाठ लावून बघितला, आवाज येतो म्हणून खूश झाल्या. नातवाने या वेळी काढलेल्या फोटोत डाव्या पट्टीत मशीनची जुनी डिस्क स्पष्ट दिसते. ‘लेखन’ तिथे शाबूत होतं. खणातला पेन ड्राइव्ह काढून या मिंटमध्ये लावला असता तर तो बाण उघडलाच नसता, आणि उजव्या हाताला मूळ फोल्डर तयारच होतं. इन्स्टॉल करण्याआधीचा हा तास-दीड तास म्हणजे बॅकअप तपासण्याची सगळ्यात चांगली वेळ. मशीन तेच, पण डोळे दुसरे. कुठल्याही माहितीपत्रकात हे मोठ्या अक्षरांत लिहिलेलं मी पाहिलेलं नाही.

रात्री ८:३५. पंचवीस मिनिटं आधी.

इन्स्टॉलर भाषा विचारतो. यादीत मराठीही आहे. नातवाने सवयीने इंग्रजी निवडली. मामांना मराठी, कन्नड, हिंदी सहज वाचता येतं, वडिलांच्या शेताच्या कागदांमुळे उर्दूही लागते. इंग्रजी मात्र अडखळत. पुढचे पडदे मराठीत असते तर शेजारी बसलेल्या मामांनी ते वाचले असते, असं मला वाटतं.

रात्री ८:५०. दहा मिनिटं आधी.

प्रतिष्ठापना कशी करायची, हा प्रश्न. वरच्या ओळीला आधीच टिंब लागलेलं: डिस्क पुसा आणि लिनक्स मिंट बसवा. खाली बारीक अक्षरांत इशारा, की सगळे प्रोग्राम, दस्तऐवज, फोटो जातील. सगळ्यात खाली ‘दुसरं काही’ असा पर्याय. तो निवडला असता तर डिस्कचे भाग एकेक करून दिसले असते आणि डी ला न छेडता सी च्या जागी मिंट बसवता आलं असतं.

“डिस्क म्हणजे सी ना रे?” मामांनी विचारलं.

“हो, विंडोज पुसायचीच आहे. आणि बॅकअप आहे की.”

विंडोजमध्ये सी पुसली की डी राहते. इथे ‘डिस्क’ म्हणजे आख्खी डिस्क, सी-डी-ई सगळं धरून.

रात्री ९. शून्य.

शेवटची खिडकी: हे बदल डिस्कवर लिहायचे का? ‘कंटिन्यू’.

डिस्कच्या सुरुवातीला विभागांचा जो तक्ता असतो तो क्षणात बदलला. आता मशीनच्या लेखी डी नावाची जागाच उरली नाही. नवी आखणी झाली आणि मिंटच्या फाइली डिस्कच्या पुढच्या भागावर उतरू लागल्या. तिथे पूर्वी सी होती. डी वरची अक्षरं बहुतांशी अजून जागेवर होती. त्यांचा पत्ता तेवढा पुसला होता.

रात्री साडेनऊ ते साडेदहा.

मिंट सुरेख चाललं. अपडेट उतरवले गेले. ग्रुपवर फोटो आला: “आजोबांचा कॉम्प्युटर एकदम नवा!” मीही त्याला अंगठा दाखवला.

याच तासात नुकसान वाढत होतं. मिंटची आखणी डिस्कभर ठरावीक अंतरावर आपले तक्ते मांडते. इन्स्टॉल करताना ते सगळे लगेच लिहीत नाही, मशीन चालू असताना मागच्या मागे लिहीत राहते. म्हणजे डी च्या जुन्या जागेवरही मधूनमधून नवं लिहिलं जात होतं.

रात्री १०:४०.

खणातला पेन ड्राइव्ह लावला. फोटो आले. ‘लेखन’ उघडेना. नातवाने आकार पाहिला. मग त्याला तो बाण आठवला.

घाबरून त्याने इंटरनेटवरून फाइली परत मिळवणारे प्रोग्राम शोधून उतरवायला सुरुवात केली, त्याच डिस्कवर. अकराच्या थोडं आधी मला फोन आला. मी म्हणालो, बंद करू नकोस, सरळ वायर ओढ. आणि मी सांगेपर्यंत लावू नकोस.

ऑक्टोबर २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टवरही हाच सल्ला देण्याची वेळ आली होती. २ तारखेला विंडोज १० चं मोठं अपडेट बाहेर पडलं आणि काही लोकांच्या डॉक्युमेंट्समधल्या फाइली नाहीशा झाल्या. फोल्डरची जागा बदलून ठेवलेल्यांच्या मूळ जागी उरलेल्या फाइली अपडेटने फालतू समजून पुसल्या होत्या. चार दिवसांत ते अपडेट थांबवावं लागलं, दुरुस्त होऊन यायला नोव्हेंबर उजाडला. ज्यांचं गेलं त्यांना कंपनीने सांगितलं, ते मशीन कमीत कमी वापरा. पुसलेलं परत मिळण्याची आशा नंतर त्यावर किती कमी लिहिलं गेलं यावरच असते.

त्यानंतर.

डिस्क मशीनमधून काढून माझ्याकडे आणली. तिची जशीच्या तशी प्रत दुसऱ्या डिस्कवर घेतली आणि काम केलं ते त्या प्रतीवर. फोटोरेक हा फुकट मिळणारा प्रोग्राम फाइलींची नावं-पत्ते बघत नाही. डिस्कवरचे सगळे तुकडे चाळून, ही वर्डच्या फाइलची सुरुवात, हा फोटो, असं ओळखत जातो. वर्डच्या फाइली लहान असतात, सलग पडलेल्या असतात, त्यामुळे बऱ्याच मिळाल्या. नावं गेली होती. ‘गोरटा १’ च्या जागी नुसते आकडे.

आणि त्या उघडल्या तेव्हा पडद्यावर मराठीचं एक अक्षर नव्हतं. रोमन अक्षरं, कंस, आकडे, टिंबं यांची रांग.

हे लेखन युनिकोडमध्ये नव्हतं. महाराष्ट्रात आणि सीमाभागात २००० च्या दशकात डीटीपीचं बहुतेक काम जुन्या फॉन्टमध्ये चाले. श्रीलिपी, शिवाजी, किरण, सीडॅकचे फॉन्ट, प्रत्येकाची अक्षरांची मांडणी वेगळी. फाइलमध्ये साठतं ते रोमन अक्षर. त्याला मराठीचा चेहरा देतो तो फॉन्ट. फॉन्ट राहतो विंडोजच्या फोल्डरमध्ये, म्हणजे सी वर, आणि सी वर मिंट बसलं होतं. फॉन्टची कॉपी काढायची असते हे कुणी कधी सांगितलेलं नाही. ज्यांच्या घरी वडिलांचं-आजोबांचं त्या काळातलं टाइप केलेलं काही असेल, त्यांनी आजच फाइलबरोबर तो फॉन्टही उचलून ठेवावा, आणि एक पीडीएफ फॉन्टसकट काढून ठेवावी. माझं हे सांगणं कळकळीचं आहे, कारण असे हजारो पानांचे ढीग मी घराघरांत पाहिले आहेत.

फॉन्ट उदगीरला मिळाला. ज्यांनी टाइप केलं होतं त्यांच्या दुकानात माळ्यावर जुनं एक्सपीचं मशीन होतं, ते अजून सुरू होत होतं. मग युनिकोडमध्ये रूपांतर. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते, रफार नंतर. रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला त्या उलट कराव्या लागतात आणि जोडाक्षर आलं की तो हमखास चुकतो. ‘सरहद्दीवर’, ‘स्त्रिया’, ‘मृत्यू’ हे शब्द पानोपानी मोडलेले. मामा रोज थोडी पानं कागदावर छापून घेतात, लाल पेनने दुरुस्त करतात, नातू पुण्याहून फोनवर ऐकत सुधारतो.

व्हिडिओ परत आले नाहीत. मोठी फाइल डिस्कवर सलग पडेलच असं नसतं. तुकडे विखुरलेले, वरून नवे तक्ते लिहिले गेलेले. म्हातारीच्या मुलाखतीचे काही सेकंद मिळाले, त्यात चित्र अडकलेलं आहे आणि आवाज नाही. त्या बाई तीन-चार वर्षांपूर्वी वारल्या.

बीदरला महमूद गवानने १४७२ मध्ये बांधलेला मदरसा आहे, तिथे मोठं ग्रंथालय होतं. सतराव्या शतकाच्या अखेरीस झालेल्या दारूच्या स्फोटात त्या इमारतीचा दर्शनी भाग आणि एक मिनार गेला. आज भिंतीवरच्या निळ्या फरशा बघायला लोक जातात आणि पुस्तक एकही नाही. मामांनी शाळेच्या सहली तिथे नेल्या आहेत. त्या रात्रीबद्दल ते नातवाला एका शब्दानेही बोलले नाहीत. त्या बाईंनी जे सांगितलं होतं ते आता ते आठवून लिहीत आहेत, युनिकोडमध्ये, नव्या मिंटवर. पहिल्या पानाच्या डोक्यावर त्यांनी लिहिलंय की हे शब्द त्यांचे नाहीत, मला आठवतात तसे आहेत, आणि गावातल्या दुसऱ्या कुणी ते ऐकले असतील तर कळवावं. सुधारलेल्या फाइलींची एक प्रत उदगीरला मामेबहिणीकडे जाते, एक पुण्याला. तिकडे गेलेली प्रत तिकडच्याच मशीनवर उघडून, मधलं कुठलंही एक पान फोनवर मोठ्याने वाचून दाखवायचं, असं त्यांनी ठरवून दिलं आहे. परवाच्या फोनवर ‘छावणी’चं पान वाचलं गेलं. त्यात अजून दोन रफार उलटे होते.